बाहेरची बाजू

दाजींच्या नव्या बायकोने, नवीने, आपला कोट काढला आणि नेमका त्याच खुंटीवर, निळ्या जाकिटावर टांगला.

धाकटी तेव्हा दाजींच्या हातातली बॅग घेत होती. "या, आत या, गारठलात," असं म्हणत तिने पाहुण्यांची पाठ वळू दिली, मग कोट उचलला आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवला. जाकीट मोकळं झालं. तिने त्याची कॉलर बोटाने सारखी केली, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरची बट बाजूला करावी तशी.

जाकीट ताईचं. बस डेपोचं, पाठीवर चमकती पट्टी. धाकटी ज्या कारखान्यात कामाचे कपडे शिवते तिथेच ते शिवलेलं. स्टिअरिंग फिरवताना काखेत काचतं म्हणून ताई कुरकुरली, तेव्हा धाकटीने ते घरी आणून उसवलं आणि उजव्या काखेत जादा कापड जोडून दिलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, पहिली फेरी सुटायच्या आधी, ताई चालकाच्या सीटवर बसल्या बसल्याच गेली. डेपोतल्या लोकांनी जाकीट घडी घालून आणून दिलं. ते आपल्या मापाचं करून घ्यायला धाकटीचा हात धजला नाही. रोज पहाटे पळायला जाताना ती ते तसंच, ढगळ, अंगात चढवते.

वर्षअखेरच्या सुट्टीत ताई आणि दाजी इकडेच राहायला यायचे. गेल्या वर्षी कुणी विषय काढला नाही. या वर्षी दाजींचा फोन आला, "आम्ही आलो तर चालेल?" त्यांनी पुन्हा लग्न केल्याला फार दिवस झाले नव्हते. त्या 'आम्ही'पाशी धाकटी जराशी अडली, मग म्हणाली, "विचारताय काय, घर तुमचंच आहे."

जेवायच्या वेळी नवी खुर्च्यांकडे बघत उभीच राहिली.

"बसा ना," धाकटी म्हणाली.

"कुठे बसू?"

"जागा दिसेल तिथे बसायचं," नाना म्हणाले. "आमच्याकडे रिझर्वेशन नसतं." धाकटीच्या वडिलांना ऐकू कमी यायचं, नेमकं नको ते मात्र यायचं.

नवी हसली आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. "ताई, तुम्ही पहाटे पळता ना? हे सांगत होते."

धाकटीच्या हातातला डाव भांड्यावर वाजला. हा शब्द या घरात हाकेसाठी दोन वर्षांत कुणी वापरला नव्हता.

"पळते," ती म्हणाली.

"पळून जाते कुठे? परत इथेच तर येते," नाना म्हणाले. "एकदा धड पळून जा म्हणावं, म्हणजे मलाही शोधायला निघाल्याचं सुख."

दाजी ताटातल्या बटाट्याच्या फोडी एकेक करून कडेला सारत राहिले. एकदा त्यांनी मान वर केली, ती खुंटीकडे. आणि लगेच खाली घातली. नवीने ते पाहिलं. नवीने ते पाहिलेलं धाकटीने पाहिलं.

पळण्याचं खरं कारण धाकटीने कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघी पळायच्या तेव्हा ताई बाहेरच्या बाजूने असायची, गाड्यांच्या बाजूने. धाकटी आतून, कुंपणाच्या कडेने. ताई दमली तरी दमले म्हणायची नाही. तिचे बूट रस्त्याला घासायला लागले की धाकटीच मुकाट्याने वेग कमी करायची. आताही धाकटी आतूनच पळते, बाहेर एका माणसाची जागा सोडून. पाण्याची टाकी मागे पडली की त्या जागेत पावलं वाजू लागतात. डावं जरा जड, उजवं हलकं. पाऊल ओळखीचं, दम ओळखीचा. ती वळून बघत नाही. बघितलं आणि नुसता रस्ताच दिसला तर? तेवढीच ताई आता तिच्यापाशी उरली होती. आणि घरात एक बाई आली होती, जिला मोकळी जागा दिसेल तिथे बसायला सांगितलं होतं.

पहाटे तिने अंधारातच बुटांच्या नाड्या बांधल्या आणि हात वर केला. खुंटी रिकामी होती.

दार नुसतं लोटलेलं. बाहेर धुकं जमिनीला टेकलेलं. दिव्यांखाली पिवळं, दोन दिव्यांच्या मधे काळं. आणि लांब, टाकीच्या वळणापाशी, एक निळी पाठ चालली होती. पट्टी उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची.

धाकटी पळत सुटली. श्वासाचा मेळ नाही, पावलांचा नाही.

"ताई!"

पाठ थांबली. वळली. बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या.

"मी आहे," नवी म्हणाली. मग धाकटीचा चेहरा बघून तिचा हात जाकिटाच्या चेनवर गेला. "हे... माझा कोट मी खुंटीवर लावला होता. अंधारात हाताला हेच लागलं. बाहेर आल्यावर कळलं. काढते मी."

"राहू दे. गारठाल," धाकटी म्हणाली. कोट कुणी हलवला होता ते ती बोलली नाही. "एवढ्या लवकर कुठे निघालात?"

"या वेळी जागच येते. घरीसुद्धा." नवीने बाह्यांत हात ओढून घेतले. "हे झोपेत भिंतीला चिकटून झोपतात. मधे एका माणसाची जागा सोडून. आधी मी सरकून जवळ जायचे. आता मीही कडेला झोपते. जागा तशीच राहू देते."

धाकटीची नजर दुमडलेल्या बाह्यांवर गेली.

"हे त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीत. फोटो दाखवला तेवढाच. एका घरात राहतो आम्ही तिघं, आणि माझी त्यांच्याशी ओळखच नाही." ती कसंनुसं हसली. "हे यायला तयार नव्हते. मीच हट्ट धरला. म्हटलं, तुम्ही तरी सांगाल. कशा होत्या?"

कशी होती? धाकटीने आठवून पाहिलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला हाताशी आलं ते एवढंसंच होतं.

"शिट्टी वाजवायची. बेसूर. बसमधले लोक उतरून जायचे."

नवीला हसू फुटलं. "खरंच?"

"नाना म्हणायचे, डेपोने भोंगा काढून हिलाच बसवावं."

बोलता बोलता दोघी चालायला लागल्या होत्या. नवी बाहेरच्या बाजूला होती. धाकटीला ते दिसत होतं. 'तिथून नको' हे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात मागून दुधाची गाडी धुक्यातून अंगावरच आल्यासारखी आली. धाकटीने निळी बाही धरून नवीला आत ओढलं आणि स्वतः बाहेर झाली. गाडी गेली. तिचा लाल दिवा धुक्यात मिटला.

धाकटी बाहेरच राहिली. या बाजूने रस्ता वेगळाच दिसत होता. केवढा तरी रुंद, उघडा.

"पळता येतं?" तिने विचारलं.

"शाळेत पळायचे."

"मग चल."

टाकी मागे पडली. धाकटीने कान टवकारले. तिचे बूट, नवीचे बूट. आणखी काही नाही. ती पळत राहिली, कारण थांबली असती तर मागे बघावं लागलं असतं. ढगळ जाकीट नवीच्या अंगावर फडफडत होतं, उजव्या काखेतलं जादा कापड प्रत्येक पावलाला उघडत, मिटत होतं.

चढ लागला, संपला. कुंपणं संपली.

मग नवीचा वेग कमी झाला. एकदम नाही, कुणाला कळू नये अशा बेताने, थोडा, आणखी थोडा. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. नवीचा श्वास संथ चालला होता. ती मान किंचित कलती करून, कुणाची तरी पावलं ऐकत असल्यासारखी, समोरच बघत पळत होती.

"दमलीस?" धाकटीने विचारलं.

"मी नाही," नवी म्हणाली.