पोटाला मेण

मी लाटेवर चढायची फळी बोलतेय. सर्फबोर्ड म्हणतात मला. सध्या दिवाणखान्यात पालथी पडलेय आणि सुतारदादा पेन्सिलीने माझ्या पोटावर खुणा करताहेत. चार पाय लावून माझं चहाचं टेबल करायचं ठरलंय. ते पिशवीत ड्रिल मशीन शोधताहेत, तोवर सांगून घेते. एकदा भोकं पडली की माझं पाण्यात जाणं कायमचं संपलं.

एका कारागिराने मला घासून घासून आकार दिला, चकचकीत लेप चढवला, पोटाखाली माशाला असतात तसे तीन पर बसवले. मग दुकानात उभी राहिले. पोहणारी पोरं यायची, टिचकी मारून बघायची, किंमत ऐकून निघून जायची. शेवटी आमचे साहेब आले. त्यांनी टिचकीसुद्धा मारली नाही. "यातली सगळ्यात भारी कुठली?" एवढंच विचारलं आणि मी भाळले! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, दुसरं काय?

साहेब मोठ्या हुद्द्यावर आहेत, पोटही हुद्द्याला शोभेल असं. त्यांनी मला हॉलमध्ये उभं केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. "लाट वाचता आली पाहिजे," असं म्हणायचे. सराव मात्र पलंगावर. त्यांची बायको, आमच्या बाई, चादर ओढत म्हणायच्या, "अहो, उठा आता. गादीवर हातपाय मारून कुणी समुद्र जिंकलाय का?"

"अगं, तुला त्यातलं काय कळतंय!"

मग एकदाची सुट्टी मिळाली. मला गाडीच्या टपावर बांधून दोघं समुद्रकाठच्या एका गावी निघाली. तिथे दारोदारी फळ्या टेकवलेल्या! वाटलं, आलं बाई माहेर. पण कसलं काय! साहेब रोज सकाळी पाण्यात घालायचा तो अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट घालून किनाऱ्यावर यायचे, कपाळावर हात धरून समुद्र न्याहाळायचे आणि "आज वारा आडवा आहे" म्हणत कॉफीच्या दुकानात शिरायचे. तिथे त्यांच्यासारखेच आणखी काही जण वाऱ्याला नावं ठेवत बसलेले. एकाचाही सूट ओला नाही. ज्यांना लाटेवर चढता येत होतं ते पाण्यात होते, त्यांना बोलायला सवड कुठली?

शेवटच्या दिवशी बाई वैतागल्या. "अहो, वारा उभा असू दे नाहीतर आडवा, उद्या निघायचंय. आज उतरा."

झालं! साहेबांनी कुथत-कण्हत सूट चढवला. घाईत पाठीची चेन पुढे आली. मग चारचौघांत मला वाळूत पालथं घातलं आणि माझ्या पोटाला मेण चोळायला लागले. अहो, मेण पाठीला लावतात, उभं राहणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून! हे म्हणाले, "खालून गुळगुळीत असली की सुसाट जाते." मी बोंब मारली असती, पण फळीला तोंड कुठे? बघणाऱ्यांना तोंडं होती. त्यांनी ती मिटली आणि फोन काढले.

पाणी अंगाला लागलं आणि मी सगळं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की मी कशासाठी जन्मले. तेवढ्यात लाट आली, साहेब उठायला गेले, पाय सटकला आणि धप्पकन आत! मला त्यांच्या पायाशी जोडणारी दोरी बांधायची राहिलीच होती, त्यामुळे मी एकटीच किनाऱ्याकडे वाहत आले.

बाई गुडघाभर पाण्यात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. नवरा गटांगळ्या खातोय म्हटल्यावर टॉवेल भिरकावला, माझ्यावर पालथ्या पडल्या आणि हात मारत निघाल्या. लहानपणी माहेरच्या नदीत पोहलेली बाई ती! पाणी छातीएवढंच होतं, पण घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. बाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. साहेब खोकत बाहेर गेले, बाई माझ्यावरच राहिल्या.

मागून लाट आली. तिने आम्हा दोघींना उचललं. बाई आधी गुडघ्यांवर आल्या, मग चक्क उभ्या राहिल्या! माझी पाठ तुळतुळीत, तरी उभ्या! आणि हसल्या हो. घरात मी त्यांना तसं हसताना कधीच ऐकलं नव्हतं. साहेब तेव्हा पाठमोरे बसून नाकातलं पाणी काढत होते.

संध्याकाळी साहेबांनी मला वाळूच्या ढिगावर ठेवलं, वर उभं राहून गुडघे वाकवले आणि मागे समुद्र दिसेल असा फोटो काढून घेतला. तो बघा भिंतीवर. "लाट डोक्याच्या वर होती," असं पाहुण्यांना सांगतात. बाई चहा देतात आणि गप्प बसतात. आणि परवा साहेब म्हणाले, "सर्फिंगमध्ये आता पूर्वीची मजा राहिली नाही. हिचं टेबल करून टाकू." एकदाच पाण्यात गेलेला माणूस हा!

आई गं! मशीन सुरू झालं.

थांबा, बाई आल्या. "दादा, बंद करा ते. ती फळी माझी आहे."

साहेब हसले. "अगं, तू काय करणार तिचं?"

बाईंनी फोन पुढे धरला. कॉफीच्या दुकानातल्या कुणीतरी काढलेला त्या दिवशीचा व्हिडिओ, आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या मालकीणबाईंनी पाठवलेला. मेणापासून सगळं होतं त्यात. "रविवारी तुमचे ऑफिसवाले जेवायला येताहेत ना? त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवायचा की हे?"

साहेबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, मग मागे नेऊन शेवटचा भाग पुन्हा बघितला. "ही... ही तू आहेस?"

"नाही, शेजारीण आहे."

मग साहेब सुताराकडे वळले. "राहू द्या दादा. टेबल काय, बाजारात मिळतं."

सुतारदादांनी पेन्सिल कानावर ठेवली. मी वाचले हो, वाचले! आता साहेबांकडे एकच मागणं आहे. पुढच्या खेपेला मेण बाईंना लावू द्या. तुम्ही टॉवेल धरा.