सम्राटाला अर्ज

फिलिप मस्कतच्या एका हॉटेलात बेकर होता. त्याचा धाकटा भाऊ वॉरन तीस डिसेंबरला वसईत धर्मगुरू होणार होता. मॅनेजर राकेशने मात्र फिलिपचा रजेचा अर्ज तिसऱ्यांदा परत केला. "सीझनमध्ये सुट्टी नाही. खलास."

रात्री मस्कतच्या घुब्रा भागातल्या फ्लॅटमध्ये फिलिप बायको कॅथरीन आणि मुलगी नॅटलीबरोबर जेवायला बसला. अकरावीतली नॅटली रोमन साम्राज्याचा धडा वाचून आली होती.

"पप्पा, आफ्रिकेत सम्राटाच्या जमिनीवर गरीब शेतकरी होते," ती अडखळत मराठीत म्हणाली. "ठेकेदार त्यांच्याकडून जास्त फुकट काम करून घ्यायचा. ऑफिसर पण त्याच्याच साइडला. मग त्यांनी डायरेक्ट सम्राटाला लिहिलं."

"आणि मार खाल्ला असेल."

"मार आधीच खाल्ला होता! त्यांनी लिहिलं, वर्षाला सहाच दिवस फुकट काम, हा तुमचाच नियम आहे. सम्राटाने ऐकलं. मग त्यांनी ते उत्तर दगडावर कोरून ठेवलं."

फिलिपचा घास हातातच राहिला. वर्षाला तीस दिवस रजा, असं त्याच्या करारातही छापलेलं होतं.

"अर्बाबला? थेट मालकाला लिहिणार?" कॅथरीन धास्तावली. "नोकरी गेली तर?"

"भांडत नाही गं. त्यांचाच नियम त्यांना दाखवतो."

त्याने पत्र लिहिलं, नॅटलीने इंग्रजी सुधारलं. हॉटेलातल्या तंदूरवाल्या जहूरने रजा न मिळाल्याने दोन वर्षं आपल्या मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला विचारून फिलिपने त्याचंही नाव घातलं. पत्र मालकाच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं.

नऊ दिवस काहीच झालं नाही. राकेश बोलेनासा झाला. दहाव्या दिवशी म्हातारा मालक स्वतःच किचनमध्ये आला आणि मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, "रजा कुणाची राहिलीय?"

कुणी हलेना. मग जहूरने हात वर केला. पाठोपाठ अकरा हात वर झाले.

"यादी कर," मालक राकेशला म्हणाला. "भिंतीवर लाव."

संध्याकाळी राकेश फिलिपजवळ आला. "मला माणसं कमी पडत होती रे. वर सांगायची हिंमत नव्हती."

"आता माग जास्त माणसं. मी येतो बरोबर."

ख्रिसमसचे केक फिलिपलाच करावे लागले. रजा सव्वीसपासून मिळाली, तीही आठच दिवस. जहूर जानेवारीत निघणार होता.

वसईत दीक्षेनंतर फिलिप आशीर्वादासाठी नव्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून बसला. वॉरनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुजबुजला, "दादा, तू येशील असं आईला वाटलंच नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं," फिलिप म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.