जुनी खाकी पँट

दवाखान्याच्या पत्राला वैजनाथनं उत्तर धाडलंच नव्हतं. वजन उतरवायच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली म्हणून शहरात सत्कार ठेवला होता. जुनी पँट आणा, तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून फोटो काढू, असं छापलं होतं. पँट त्यानं ट्रंकेत जपली होती, पण चारचौघांत असं उभं राहायची त्याला लाज वाटली. पत्र भिंतीतल्या देवळीत पडून राहिलं.

ते आज आठवलं, जवळा बाजारच्या अलीकडं. वळणावर एसटी थांबेना. वैजनाथ ब्रेक दाबत होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

"उस्ताद, म्हैस! म्हैस!" कंडक्टर रिझवान ओरडला.

हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी कापसाच्या बांधाला टेकली. वैजनाथनं खाली पाहिलं. पायातली चप्पल निसटून ब्रेकखाली अडकली होती. पायाला पत्ताच नव्हता.

त्यानं किल्ली रिझवानच्या हातात ठेवली. "दुसरा डायवर बोलाव. मी न्हाई चालवनार."

"अवो, रिटायर व्हायला आलात! चप्पल घाला न् चला. कोनाला सांगतो मी?"

"मागं लेकरं बसल्येत, रिझवान."

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "नसा उपाशी मेल्या आहेत. हाडंही पोकळ होतायत. रक्तात कॅल्शियम कमी पडलं, की गळ्यातल्या ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. या ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. बंद का केल्या?"

सोबत आलेल्या त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, गळ्यातली तुळशीची माळ घट्ट धरली. "कॅपसूलचं टरफल जनावराच्या हाडाचं असतं म्हनले. आमी माळकरी. मीच फोन केल्ता ऑपरेशनच्या दवाखान्यात, दुसरं काही द्या म्हनून. फोनवरली पोरगी हासली. 'वजन उतरलं ना काकू? मग गोळ्या कशाला?' म्हनली."

"टरफलाशिवायच्या गोळ्या मिळतात. इंजेक्शनं मिळतात. एवढंच सांगायचं होतं त्यांनी."

"पाय येतीन का माघारी?" वैजनाथनं विचारलं.

"इंजेक्शनं आजच सुरू करू. सगळं परत येईल, असं खोटं नाही सांगणार."

जन्मात आवाज न चढवलेला वैजनाथ टेबलावर मूठ आपटून बोलला, "ऑपरेशनच्या आधी त्यांचा रोज फोन! टाके सुकले न् फोन बंद! न् फोटोला बरा आठवलो मी!"

घरी येऊन त्यानं त्या पत्राच्याच पाठीवर लिहिलं: 'समारंभाला आलो नाही. पँट पाठवतो आहे. तिच्यात कुणाचे पाय घालायचे ते तुम्ही ठरवा. माझे मला आता कळतच नाहीत.'

पार्वतीबाईंनी पँटीच्या घडीत पत्र ठेवलं आणि वरून पांढरं कापड शिवलं. दात ओठ खात घातलेले टाके वाकडे आले.

"काय हाये यात, डायवरसाहेब?" पोस्टातल्या बाबूनं विचारलं.

"जुनी पँट."

"जुनी पँट, न् रजिस्टरनं?" बाबू हसला.

"व्हय. सही घेऊनच द्या म्हनावं."

शिक्का पडला. वैजनाथ दारापर्यंत आला, पायरीशी थांबला आणि दोन्ही चपला पायात आहेत ना, ते त्यानं वाकून पाहिलं.