कोर्ट उठेपर्यंत

गठ्ठा ट्रकवरून खाली पडला आणि मधोमध उसवला. आतून जुन्या कपड्यांचे तुकडे बाहेर सांडले. फाटकावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या नथू सोनवण्यानं वाकून त्यातला एक उचलला. शाळेच्या सदऱ्याची बाही होती. बटणं कापून घेतलेली, मनगटापाशी शाईचा डाग.

"हे इथं कशाले?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"रुई है, चाचा," ड्रायव्हर हसून म्हणाला. "अंदर मशीन में डालेंगे, रुई बन जाएगी."

सिल्वासाजवळ मसाटच्या त्या कारखान्यात एरवी गाद्या-उशा बनायच्या. कारगिलला लढाई सुरू झाली आणि शेठनं जवानांच्या स्लीपिंग बॅगचं मोठं काम मिळवलं. त्या दिवशी फाटकावर तिरंगा लागला, सगळ्यांना पेढे मिळाले. शेठ म्हणाले, "आजपासून तुम्हीही सैनिकच." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. नथूनं ते मनावर घेतलं. तो स्वतः फौजेतून आलेला. मालाचा पहिला ट्रक बाहेर पडला तेव्हा त्यानं टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला होता.

त्याची बायको कावेरी त्याच कारखान्यात भराईच्या खात्यात होती. संध्याकाळी खोलीवर ती भाकरी थापत असताना नथूनं ती बाही तिच्यापुढे धरली.

कावेरीनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातला. "मधी हेच भरतात. वरून आणि कडेले नवा पांढरा कापूस. तो पन पॉलिस्टरचा. तपासाले येनारे साहेब वरची शिवन उसवतात, तेवढंच पाहतात."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"तू मले बोलली नाहीस."

"बोलून तुम्ही काय करनार होते? झोप घालवली असती. आता गेलीच." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आपल्या रोशनीची शाळा आहे. आपन दोघं एकाच दारात कामाले आहोत. एवढं ध्यानात ठेवा."

नथू जेवला नाही. तेरा वर्षांपूर्वी, फौजेत असताना, तो वर ग्लेशियरच्या बर्फात होता. तिथं माणसाच्या श्वासाची वाफसुद्धा पांघरुणात शिरते. चांगलं पांघरूण ती बाहेर सोडतं. सुती चिंध्या ती धरून ठेवतात, ओल्या होतात आणि पहाटेपर्यंत फळीसारख्या ताठ होतात. साक्रीकडचा लखन त्याच्याच तंबूत, हातभर अंतरावर झोपायचा. एका सकाळी नथूनं त्याला हलवलं तर तो हललाच नाही. नथूची स्वतःची डाव्या पायाची बोटं तिथंच गेली. इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता की लखनला थंडीनं नेलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की लखनच्या बॅगेत काय भरलं होतं, ते कोणी उसवून पाहिलंच नव्हतं.

सकाळी तो शशिकांत साहेबांकडे गेला. शशिकांत देव पुण्याचा, कारखान्याचा मॅनेजर. वाईट माणूस नव्हता. कावेरीच्या आजारपणात त्यानंच तिची नोकरी टिकवली होती.

"साहेब, वर तो माल चालनार नाही. मी राहून आलोय."

शशिकांतनं दार लावून घेतलं. "मला कळत नाही का नथूभाऊ? मी शेठशी बोललो. ते म्हणाले, माल पास झालाय. लढाईत सगळ्यांना घाई असते, आणि नंतर कोणी मागं वळून बघत नाही."

"पन मानसं मरतील."

"तुम्ही फाटक सांभाळा," शशिकांत हळू आवाजात म्हणाला. "मी पुण्याला दुसरी नोकरी बघतोय. मी गेलो की मग बोलू आपण."

नथूला या बोलण्याचा अर्थ लागला नाही. दुपारी सुट्टी टाकून तो बसनं सिल्वासाच्या पोलीस ठाण्यात गेला. जमादारानं त्याची कैफियत पूर्ण ऐकून घेतली, चहासुद्धा मागवला. नथूनं टेबलावर ठेवलेली बाही त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"भाई, तुझं काय चोरीला गेलं?"

"माझं काही नाही."

"मग फिर्यादी कोण? ज्यानं माल घेतला त्यानं तक्रार करायला पाहिजे. तो तर म्हणतो, माल बरोबर आहे. उद्या खराब निघाला तरी कंपनीला दंड होईल, पुढचं काम मिळणार नाही. हा सौद्याचा मामला आहे. त्यात मी कोणाला पकडू?"

"आणि त्यात झोपलेला मानूस सकाळी उठला नाही तर?"

जमादारानं बाही परत टेबलावर ठेवली. "तर थंडीनं मेला असं लिहितील," तो म्हणाला.

बाही टेबलावरच राहिली. परत येताना ती घ्यायचं नथूच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी माल निघायचा होता. भरलेला ट्रक फाटकापाशी आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नथूनं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. भराईच्या बायका दारात गोळा झाल्या. शशिकांत धावत आला.

"नथूभाऊ, किल्ली द्या."

"ट्रक उतरवा साहेब. एक बॅग मधून फाडा, सगळ्यांसमोर. नवा कापूस निघाला तर किल्ली देतो आणि घरी जातो."

शशिकांतनं बायकांकडे पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. कावेरी त्यांच्यातच होती. तिनंही खाली पाहिलं. शेठचा फोन ठाण्यात गेला आणि थोड्याच वेळात जीप आली. तोच जमादार उतरला. त्यानं नथूच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल भाई. वाट अडवली, दमदाटी केली. याला कलम आहे."

नथूनं किल्ली त्याच्या हातात दिली. जीपमध्ये बसताना त्याला फाटक उघडल्याचा आवाज आला. ट्रक जीपच्या पुढून निघून गेला. मागच्या फळीवर रंगानं 'जवानांसाठी' असं लिहिलेलं होतं.

नथूची नोकरी त्याच दिवशी गेली. कावेरीला कोणी काढलं नाही, पण सोमवारी ती स्वतःच गेली नाही. सामरवरणीला नव्या इमारतींच्या कामावर ती विटा वाहू लागली. जामिनावर सुटलेल्या नथूलाही पुढे तिथंच काम मिळालं. लढाई संपली, मिरवणुका निघाल्या. शशिकांत पुण्याला गेला, जाताना भेटला नाही. पावसाळ्यानंतर कारखान्याला आणखी मोठं काम मिळाल्याचं कळलं. डोंगरावरची फौजेची ठाणी आता हिवाळाभर रिकामी ठेवणार नव्हते, बॅगा जास्त लागणार होत्या.

दिवाळीनंतर नथूचा खटला निघाला. न्यायाधीशांनी हिंदीत विचारलं, "फाटक अडवलं होतं?"

"हो."

"कोणाला मारलं, धमकी दिली?"

"नाही साहेब. शिवी पन दिली नाही. साहेब, त्या मालाचं काय झालं?"

न्यायाधीशांनी समोरचे कागद चाळले. "ते प्रकरण माझ्यापुढे नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. त्यांनी नथूच्या पायाकडे आणि फौजेच्या कागदांकडे पाहिलं आणि शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहायचं.

नथू भिंतीशी असलेल्या बाकावर बसला. पुढे दारूचे खटले निघाले, एक जमिनीचं भांडण निघालं. नथू पाठ न टेकता, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. दुपारी कावेरी आली. अंगावर सिमेंटची धूळ होती, अर्ध्या दिवसाचं काम सोडून आली होती.

"बाई, तुम्ही बाहेर बसा," शिपाई म्हणाला. "शिक्षा यांना आहे."

"मी पन त्याच दारात उभी होते," कावेरी म्हणाली आणि नथूच्या शेजारी बसली.

शिपायानं पुन्हा हटकलं नाही. संध्याकाळी न्यायाधीश उठले, माणसं पांगली, कारकुनानं पंखे बंद केले.

"झालं. जा आता," शिपाई म्हणाला.

नथू उठला नाही. खिडकीबाहेर अजून उजेड होता, पोरं सायकली दामटत घरी चालली होती.

"वर आता अंधार पडला असंल," तो म्हणाला. "पोरं बॅगेत शिरत असतील."

कावेरीनं त्याचा हात धरला. शिपाई कुलूप हातात घेऊन दारापाशी थांबला होता. त्यानं त्यांना घाई केली नाही.