श्री नावाचं फोल्डर

कॉम्प्युटरला हार घालू नये असं मी म्हणत नाही. हार सगळेच घालतात. पण माझ्यासारख्या दीडशहाण्यानं त्यापुढे जायला नको होतं.

शहाण्णवचा दसरा. वाशीतल्या आमच्या छोट्या रक्तपेढीत कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, मॉनिटरला कुंकू लावलं. लॅबच्या चारुलताबाई म्हणाल्या, "नंदकिशोर, बाहेरून पूजा झाली. आत पण श्री काढा की!" आत श्री कसा काढणार? मी सगळ्यात मोलाच्या फोल्डरचं नाव बदलून 'श्री' ठेवलं. सगळे खूश. मग पेढे वाटले.

त्या फोल्डरचं आधीचं नाव 'बाँबे'. बाँबे ग्रुपचं रक्त दहा हजारांत एखाद्याचं असतं. अशा माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ओ ग्रुपचंसुद्धा नाही. ते रक्त देऊ शकणाऱ्यांची नावं आणि फोन त्यात होते.

दर शुक्रवारी मी फ्लॉप्यांवर बॅकअप घ्यायचो. कुठली फोल्डरं घ्यायची, ते त्या प्रोग्रॅमला नावानिशी सांगून ठेवलेलं. दसऱ्यानंतर तो दर वेळी विचारायचा, 'बाँबे सापडत नाही. पुढे जाऊ?' एका हातात चहाचा ग्लास धरून मी दुसऱ्या हातानं 'हो' दाबायचो. सामान तेच, पाटी तेवढी नवी, हे त्याला कुठून कळणार? आणि मला कळायला हवं होतं, तर मी चहा पीत होतो.

फेब्रुवारीत एका सकाळी हार्ड डिस्क गेली. त्याच दिवशी अकरा वाजता आशुतोष चित्रे धावत आला. बायकोचं, क्षिप्राचं, पहिलं बाळंतपण. मूल सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. ग्रुप बाँबे. घरच्यांचं कुणाचं जुळत नव्हतं, मुंबईतल्या रक्तपेढ्यांनी नाही म्हटलं होतं.

"तुमच्याकडे यादी आहे म्हणतात. साहेब, काय पण करा!"

"टेन्शन नका घेऊ. बॅकअप आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळ्या फ्लॉप्या घालून पाहिल्या. श्री कुठेच नव्हतं. दसऱ्याआधीचं बाँबे तेवढं निघालं. भरवशाच्या म्हशीला टोणगा!

दिवाळीनंतरच्या शिबिरात उरणचा कासिम मिळाला होता, चांगला दणकट गडी. त्याची माहिती मी श्रीमध्ये टाइप केली आणि कागदी फॉर्म फाडून टाकला. त्याच्या शेजारच्या दुकानाचा फोन नंबर होता. आठवेना. कपाळ बडवून घेतलं, तरी आठवेना.

जुन्या यादीत तीन नावं होती. पहिला दुबईला गेलेला. दुसऱ्याच्या बायकोनं सांगितलं, ते डिसेंबरातच वारले. आशुतोष खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होता. मी तिसरा नंबर फिरवला. पनवेलची मुलगी, तब्येत उत्तम, पूर्वी दोनदा रक्त दिलेलं.

"रिंग वाजतेय!" मी ओरडलो. "ईश्वरी टिपणीस! तुम्ही रिक्षा थांबवा!"

आशुतोष जागचा हलला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "तिथं फोन कोण उचलणार नाय. सगळे हॉस्पिटलात आहेत."

"म्हणजे?"

"ही क्षिप्राच आहे. लग्नात आम्ही नाव बदललं."

पलीकडे रिंग वाजत होती. मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. ठेवल्यावर पुढे काय करायचं, तेच मला माहीत नव्हतं.

चारुलताबाई जीप घेऊन उरणला गेल्या, नुसतं 'कासिम' एवढ्यावर. त्या परत यायच्या आत, चार वाजता, क्षिप्रा गेली.

नवव्या दिवशी दुपारी दारात एक दणकट माणूस उभा राहिला.

"रक्त देऊन तीन महिनं झालं. तुमी फोन करनार होता, नाय आला," कासिम म्हणाला. "म्हनलं, कुनाला लागत असंल, आपनच जावं."

बाही वर करून तो खुर्चीत बसला. चारुलताबाईंनी तोंड फिरवलं. मी वही उघडली आणि कसाबसा त्याचा नंबर विचारला.

त्यानं पहिले दोन आकडे सांगितले. पुढचे मला आठवले.