पेरूच्या क्रेटवर सीताफळाची चिठ्ठी

“उतरवा ते क्रेट! त्यात सीताफळ न्हाई, पेरू हाय.”

मालनबाईचा आवाज ऐकून, ‘सीताफळ, सीताफळ’ म्हणत क्रेट चढवणारे टेम्पोवरचे दोघे हमाल थबकले. क्रेटवर छापील चिठ्ठी होती, ठळक अक्षरांत ‘सीताफळ’. वरून कागद झाकलेला. तो न उचलताच मालनबाईने नुसत्या वासावरून ओळखले होते. एकूण नऊ क्रेट निघाले, सगळे पेरूचे.

पालीच्या या संकलन केंद्रात ती बावीस वर्षे फळे निवडत होती. आणि क्रेट भरून टेबलावरचे बटन दाबले की चिठ्ठी छापणारा प्रोग्रॅम लिहिला होता तिच्याच लेकीने, प्रियदर्शनीने. तंत्रनिकेतनातल्या शेवटच्या वर्षाचा तो प्रकल्प होता. ‘आमच्याकडे वापरात आहे’ असे केंद्राने लिहून दिले तरच तो मंजूर व्हायचा, आणि फॉर्म उद्या द्यायचा होता.

केंद्राचे सचिव राधाकिशनराव क्रेटकडे बघत म्हणाले, “परवा चार, आज नऊ. पोरी, तुझं मशीन लई हुशार, पर त्याला पेरू कळंना. पाच वाजेपर्यंत बघतो. न्हाई तर आपली वही बरी.”

“अन् सही, काका?”

“बंद पडल्यावर सही कावून करू?”

प्रियदर्शनी लॅपटॉपपाशी येऊन बसली. शेजारी आबासाहेब होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः पुस्तके वाचून प्रोग्रॅमिंग शिकून घेतले, आणि आता विहारातल्या अभ्यासिकेत ते मुलांना शिकवत. चूक कसली आहे याचा त्यांना अंदाज आला होता. पण ते उत्तर सांगत नसत, प्रश्न विचारत.

“सर, चारशे ओळी हायेत. तीनदा वाचल्या. सापडंना.”

“मग वाचू नकोस. मला सांग. फळ कसं लिहिलंयस?”

“फळ हा मूळ वर्ग. वजन, गाव, तारीख त्यात. सीताफळ अन् पेरू त्याचे वारस. फळाकडं जे हाय ते दोघांना आपोआप मिळतं, पुन्हा लिहावं लागत न्हाई.”

“छान. आणि क्रेट?”

“फळांचा क्रेट. सगळ्यांना एकच. सीताफळ बी फळच की, सर.”

आबासाहेबांनी चूक म्हटले नाही. “आईला विचार,” एवढेच म्हणाले.

मालनबाई हात पुसत आली. “मला मशीनीतलं काय कळतंय, सर?”

“मशीनीतलं नाही विचारत. सीताफळाच्या क्रेटला फळांचा क्रेट म्हणता येईल का?”

“ते कशापायी म्हनायचं त्याच्यावर हाय,” मालनबाई म्हणाली. “मोजायचं, वजन करायचं, उतरवून घ्यायचं, तर खुशाल म्हना. आतून जे निघंल ते फळच असंल. पर भरायला बसल्यावर तसं म्हनलं, तर ही छबुबाई त्यात पेरू टाकंल. अन् तिची चूक न्हाई. पेरू बी फळच हाय.”

“मालने, माझंच नाव घावलं व्हय गं तुला?” पेरूच्या टेबलावरून छबुबाई ओरडली.

आबासाहेब मोठ्याने हसले. “तीन महिने मी हेच सांगायला शब्द शोधतोय, मालनबाई. तुम्ही एका दमात सांगितलंत.”

प्रियदर्शनी मात्र हसली नाही. ती आईकडे बघत राहिली, मग तिची बोटे भराभर चालू लागली. तिने क्रेट नव्याने लिहिला. या वेळी नावापुढे एक जागा रिकामी सोडली: कशाचा क्रेट, ते तो बनवतानाच सांगायचे. एकदा सीताफळाचा म्हटले की त्यात सीताफळच भरता येईल. मोजणी आणि वजनापुरता मात्र कुठल्याही फळाचा क्रेट चालेल. काढायला मोकळीक, भरायला शिस्त.

तिने प्रोग्रॅम चालवला. तो चाललाच नाही. तीनशे बाराव्या ओळीखाली लाल रेघ उमटली.

“झालं! अजून बिघडलं,” राधाकिशनराव म्हणाले.

“बिघडलं न्हाई, काका, घावलं!” प्रियदर्शनी उभीच राहिली. “पेरूच्या टेबलाचं बटन मी सीताफळाच्या बटनावरून उतरवून घेतलतं. आतला क्रेट बदलायचा राहिला. छबुबाई पेरूचं बटन दाबायची अन् मशीन भरायचं सीताफळाच्या क्रेटात!”

“मग दोन दिवस मशीन गप्प का होतं?” आबासाहेबांनी विचारले.

“मीच त्याला सांगितलतं ना, सगळी फळंच हायेत म्हणून.”

आबासाहेबांनी मान डोलावली. शिकवण्यातला एवढाच क्षण त्यांना आयुष्यभर हवा असायचा.

ओळ दुरुस्त झाली. छबुबाईने पहिला क्रेट भरला, बटन दाबले. चिठ्ठी आली ‘पेरू’. राधाकिशनराव एवढ्यावर मानणारे नव्हते. त्यांनी दोन्ही टेबले पाचपर्यंत पळवली. एकतीस क्रेट झाले. प्रत्येक क्रेटचा कागद मालनबाईने स्वतः उघडला, वरची फळे काढून खालची बघितली, चिठ्ठी लेकीकडून वाचून घेतली. एकही चुकीची नव्हती. छबुबाईने टाळ्या वाजवल्या, मग हमालांनीही.

“आण तो फॉर्म,” राधाकिशनराव म्हणाले. त्यांनी सही केली, शिक्का मारला. खाली आणखी एक रकाना होता: ‘सल्ला देणारी जाणकार व्यक्ती’. त्यांनी पेन आबासाहेबांपुढे धरले.

आबासाहेबांनी हात मागे घेतले. “सल्ला कुणी दिला, ते तुम्ही ऐकलंत की.”

“आईचं लिहा, काका,” प्रियदर्शनी म्हणाली.

राधाकिशनरावांनी मालनबाईचे पूर्ण नाव विचारून लिहिले. अनुभव, बावीस वर्षे, हे न विचारताच लिहिले. पुढचा शब्द होता ‘शिक्षण’. तिथे त्यांचे पेन अडले. प्रियदर्शनीने मान खाली घातली.

“दुसरी,” मालनबाई म्हणाली.

राधाकिशनराव लिहू लागले. ती वाकून त्यांच्या अक्षराकडे बघत होती.

“नुसती दुसरी नका लिहू, भाऊ,” ती म्हणाली. “म्होरं पास लिहा.”