पातळ दूध

दुधाचा भाव वर्षभरात दुसऱ्यांदा वाढला, तेव्हा बकुळाने पातेल्यात पाणी घालायला सुरुवात केली. परळला एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर तिची चहाची टपरी होती. कटिंग दहा रुपयांना. बारा करावी, तर पलीकडच्या टपरीवर विकास अजून दहालाच देत होता. गिऱ्हाईक तुटलं तर घोडपदेवच्या खोलीचं भाडं कुठून भरायचं? चहात पाणी असतंच, असं तिने मनाला समजावलं. तीन लिटर दुधाला एक लिटर पाणी.

पण त्याच पातेल्यातून ती नुसतं दूधही विकायची, आणि ते रोज नेणारा एकच माणूस होता. गुणाजी, कणकवलीकडचा. त्याच्या सहा वर्षांच्या प्रितीच्या हृदयाला छिद्र होतं. पंधरा किलो वजन भरलं की ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सकाळी सातला तो वॉर्डातून थर्मास घेऊन यायचा, बाकड्यावर जरा टेकायचा. सुरुवातीला मध्येच दोन दिवस आला नव्हता, मग पुन्हा येऊ लागला. बकुळा विचारायची, "काय म्हणते पोरगी?" तो सांगायचा, "चौदा किलो दोनशे." आठवड्याने, "चौदा चारशे." काटा फार हळू सरकत होता. थर्मास भरताना बकुळाला त्याच्याकडे बघवायचं नाही.

एकदा तिने मुलाला, प्रफुल्लला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, सगळेच घालतात." त्या उत्तराने तिला बरं वाटलं नाही.

मग एका सोमवारी गुणाजी आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सात वाजून गेले, साडेसात झाले, तेव्हा बकुळाने चहा गाळणं थांबवलं. तिने एक पिशवी फोडली, पाण्याचा थेंब न घालता दूध तापवलं, किटलीत भरलं आणि शेजारच्या फळवाल्याला टपरीकडे बघायला सांगून रस्ता ओलांडला. फाटकावरचा वॉचमन तिच्याच आळीतला. "जय भीम, मावशी. आज इकडे कुठे?" म्हणत त्याने तिला आत सोडलं.

गुणाजी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बकुळाचे पाय तिथेच थांबले.

तिला बघून तो उठला. "मावशी, तुम्ही? झालं ऑपरेशन. रविवारी वजन केलं तर पंधरा भरलं, सोमवारीच घेतली आत. आज पहाटे श्वासाची नळी काढली. माझ्याकडे पाणी मागितलं तिने."

बकुळा बाकावर बसली. किटली तिने मांडीवर घेतली. मग म्हणाली, "भाऊ, मी तुम्हाला पाणी घातलेलं दूध देत होते. महिना झाला. तुम्ही आला नाहीत आणि मला वाटलं, माझ्यामुळे पोरीचं…"

"माका पयल्याच दिवशी कळला होता," गुणाजी सावकाश म्हणाला. "घरी म्हशी आहेत आमच्या, मावशी. दूध बघून कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"राग आला होता. दोन दिवस पलीकडून नेलं. पण तिथे कोणी काही विचारत नाही. इथे मला ओळखणारं कोण आहे? पोरगी कशी आहे, हे रोज तुम्हीच विचारायचात. सिस्टरनी वजन वाढायची पावडर दिली होती, ती घालायचो मी दुधात." मग म्हणाला, "पण दुसऱ्या कोणाला देऊ नका असं. सगळ्यांच्या घरी म्हशी नसतात."

"नाही देणार," बकुळा म्हणाली. किटली त्याच्या हातात देऊन ती खाली उतरली. जिन्यावर तिला एकदम हलकं वाटलं, कठड्याला धरून ती थोडी रडली, आणि तोंड पुसून टपरीवर आली.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: कटिंग १२. बकुळाने पातेल्यात निव्वळ दूध ओतलं. पहिल्या तासात तीन टॅक्सीवाले पाटी वाचून पलीकडे गेले. हॉस्पिटलातली एक आया कुरकुरली, पण घोट घेतल्यावर म्हणाली, "आज चहा बरा आहे गं." बाकीच्यांनी मुकाट्याने सुट्टे काढले. दुपारपर्यंत पातेलं रिकामं झालं.

संध्याकाळी विकास रस्ता ओलांडून आला. भांडायलाच आला असं वाटून बकुळा पदर खोचून उभी राहिली.

"बारा केलेस म्हणे," तो म्हणाला.

"केले. परवडत नाही."

"मला तरी कुठे परवडतंय? चार महिने तुझ्याकडेच बघत होतो, तू कधी वाढवतेस ते." तो बाकड्यावर बसला. "उद्यापासून मी पण बारा. दे एक कटिंग."

बकुळाने त्याला ग्लास भरून चहा दिला.